तापीच्या घळीतली दाढ : वाघाची, बिबट्याची की आणखी कुणाची?

अनेरकाठी

मंडळी, नमस्कार. मी चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि त्याने कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या शेजारी, वहीच्या कागदात गुंडाळलेली एक दाढ होती. शेळ्यांमागे गेला होता, तापीकडे उतरणाऱ्या घळीत पिवळ्या मातीची कड ढासळली होती, तिच्या पायथ्याशी सापडली म्हणाला.

रंग जुन्या गुळासारखा, मुळाकडे काळपट. हातात घेतल्यावर जड वाटते. वर दोन धारदार पाती आहेत, कुऱ्हाडीची दोन पाती शेजारी शेजारी ठेवावीत तशी, आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच. दोन मुळं, त्यातलं मागचं निम्मं तुटलेलं. प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने मोजली : पुढून मागे लांबी २१ मि.मी., जाडी साडेदहा मि.मी. मागच्या टोकाला थोडं झिजल्यासारखं किंवा तुटल्यासारखं दिसतं.

गावात दाखवली तर पारावरच्या आजोबांनी एका शब्दात निकाल दिला, "वाघना दात शे हाऊ." मुलाचा चेहरा त्या क्षणी असा फुलला की मला पुढे काही बोलवेना. पण त्याने वर्गात विचारलं, "सर, वाघाचा कशावरून?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैलाची दाढ आणि कुत्र्याची दाढ यातला फरक मी सांगू शकतो. वाघ, बिबट्या, सिंह यांच्या दाढा वेगळ्या कशा ओळखायच्या? आणि ही जीवाश्म आहे की नुसती जुनी? फोटो जोडलाय, जाणकारांनी सांगावं.

केळीबाग_रावेर

सर, फोटो बघून अंगावर काटा आला. आमच्या घरी पणजोबांपासून एक वाघदात आहे, चांदीच्या वाटीत मढवलेला. लहानपणी प्रत्येक पोराच्या गळ्यात तो बांधलाय. तुमची दाढ मात्र त्याच्यासारखी अजिबात नाही, आमचा चांगला बोटभर लांब आणि वाकडा आहे.

पूर्णाखोरे

अनेरकाठी सर, आधी एक कळकळीची विनंती. दाढ ॲसिडने धुऊ नका, वॉर्निश लावू नका, फेविकॉलने मूळ चिकटवू नका. मऊ ब्रशने माती झाडा, पण खाचेत अडकलेली माती तशीच राहू द्या. ती माती कोणत्या थरातली आहे हे पुढे उपयोगी पडेल. आणि त्या मुलाला घेऊन परत घळीत जा, नेमकी जागा ठरवा. दाढ पळून जात नाही, जागा पुढच्या पावसात जाते.

आता मुद्द्याचं. मी पुरातत्त्व शिकताना प्राण्यांची हाडं-दात चाळण्यात दोन वर्षं घालवली आहेत, त्या बळावर लिहितो.

मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या तोंडात दात कमी असतात. कुत्र्याला ४२, रानडुकराला ४४, माणसाला ३२, आणि वाघाला फक्त ३०. चावून पीठ करण्याच्या दाढा या कुळाने जवळजवळ टाकूनच दिल्या आहेत. उरली ती कात्री. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ एकमेकींवर घासून मांस कापतात. शास्त्रात यांना कार्नेशियल म्हणतात, मी कातरदाढ म्हणेन. तुमच्या हातातली खालची कातरदाढ आहे, यात मला शंका नाही. दोन पाती आणि मधली खाच ही तिची ओळख. खाच कशाला? कात्रीच्या पात्यांवरून ओलं कातडं पुढे सरकतं, निसटतं. खाच ते अडकवून धरते.

आता आकार. पट्टेरी वाघाची खालची कातरदाढ साधारण २५ ते २८ मि.मी. लांब असते. सिंहाची तेवढीच किंवा किंचित मोठी. बिबट्याची १७ ते १९ च्या आसपास. तुमची २१. म्हणजे वाघाला लहान आणि बिबट्याला मोठी. मला इथेच खटकलं. मार्जार कुळातल्या मोठ्या प्राण्याच्या या दाढेला मागे काहीही नसतं, दुसरं पातं संपलं की दाढ संपली. तुम्ही म्हणता मागे "तुटल्यासारखं" आहे. ते तुटलेलं आहे की मुळातच तसं आहे, हे भिंगाखाली बघून सांगाल का? तिरप्या उजेडात बघा. तुटलेली कड खडबडीत आणि मंद दिसेल, इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, असेल तर गुळगुळीत चमकेल.

सातपुड्याचा_वाटसरू

छान धागा. वाचतोय. पूर्णाखोरे दादा, वाघ आणि सिंह दातावरून वेगळे करता येत नाहीत का? आणि ते लांब सुळ्यांचे वाघ आपल्याकडे होते का? पोरगी रोज विचारते.

दुसरं, सावद्याच्या खाणीतून माझ्या मामाने एकदा पांढरा टोकदार "दात" आणला होता, तो आजही शोकेसमध्ये आहे. तोही जीवाश्म असेल का?

पूर्णाखोरे

वाटसरू भाऊ, मामांचा दात आधी निकालात काढतो. तो स्फटिक आहे. आपला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मांजराचं कुळ त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी जन्माला आलं. त्या दगडाच्या पोकळीत वाघाचा दात मिळणं शक्यच नाही. तिथे झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं मिळतात, सावद्याचे तर जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कॅल्साइटच्या एका टोकदार रूपाला खनिजशास्त्रात कुत्र्याच्या दाताचंच नाव आहे, इतका तो दातासारखा दिसतो. मामांना सांगा, वस्तू सुंदरच आहे, फक्त दात नाही.

आपल्याकडे प्राण्यांचे जीवाश्म शोधायचे ते तापी-पूर्णेच्या गाळात. यावल-रावेर पट्ट्यात बोअर मारताना शेकडो फूट नुसती माती आणि वाळू लागते, दगड लागत नाही, हे केळीवाल्यांना मी सांगायला नको. तोच हा गाळ. नर्मदेच्या गाळात जुने हत्ती, पाणघोडे, रानबैल मिळाले, १९८२ साली हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना माणसाच्या पूर्वजाच्या कवटीचा तुकडाही मिळाला. सातपुडा ओलांडला की तीच गोष्ट पुढे चालू राहते.

वाघ की सिंह. सुट्या दाढेवरून सांगणं फार कठीण, एकाच दाढेवरून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. अख्खी कवटी असेल तर सोपं. खालचा जबडा टेबलावर ठेवायचा : सिंहाचा पाळण्यासारखा डुलतो, कारण त्याची खालची कड फुगीर असते, वाघाचा सपाट बसतो. कवटीवर नाकाची हाडं कपाळाकडे कुठवर चढतात तेही बघतात, वाघात ती जास्त वर जातात.

एकेका दातावर केवढी मोठी इमारत उभी राहते याचं जवळचं उदाहरण श्रीलंकेचं आहे. तिथल्या कुरुविटाजवळ मिळालेल्या दातांवरून देरणियगल यांनी १९३९ साली सिंहाची एक वेगळी, नष्ट झालेली उपजात जाहीर केली. श्रीलंकेत आज ना सिंह आहे ना वाघ, फक्त बिबट्या. मग २००५ साली तिथल्याच अभ्यासकांनी एक जुनी खालची कातरदाढ आणि पंजाचं हाड नीट मोजून दाखवलं की बेटावर पट्टेरी वाघही होता. पाती किती जाड, दाढ लांबीच्या मानाने किती रुंद, असल्या मोजमापांवर सगळा वाद चालतो. एक मि.मी. इकडचं तिकडे झालं तर प्राणी बदलतो.

आता पोरीचा प्रश्न. तिला सांगा, होते. शिवालिकच्या टेकड्यांत, म्हणजे चंदीगडच्या वरच्या भागात, फॉल्कनर आणि कॉटली यांनी १८३० च्या दशकात ढिगांनी जीवाश्म गोळा केले. तिथल्या मेगँटेरिऑनला पुढे फॉल्कनरचंच नाव मिळालं. तो आपल्या उपखंडातला लांब सुळ्यांचा प्राणी. चित्रांत दिसतो तो स्मायलोडॉन मात्र फक्त अमेरिकेतला, आपल्याकडे कधीच नव्हता. आणि त्याला "वाघ" म्हणणंही चूक. आजच्या वाघ-सिंहांपासून त्यांची फांदी फार पूर्वीच वेगळी झाली.

सुळ्यांत तीन घराणी पडतात. वाघ-सिंहाचा सुळा शंकूसारखा, आडवा कापला तर जवळजवळ गोल. त्यावर उभ्या बारीक पन्हळी असतात, बोटाच्या नखाला लागतात, कुत्र्या-अस्वलाच्या सुळ्यावर त्या नसतात. ही खूण पक्की लक्षात ठेवा. दुसरं घराणं खंजिरासारखं : लांब, चपटा. स्मायलोडॉनच्या दक्षिण अमेरिकेतल्या जातीत मुळासकट २८ सें.मी. पर्यंत जातो. तिसरं कोयत्यासारखं : सुळा त्या मानाने आखूड, पण पातळ आणि दोन्ही कडांना करवतीचे ठसठशीत दाते. होमोथेरियम त्यातला. सैबेरियात याचं गोठलेलं पिल्लू मिळालं, केसांसकट, त्याचं वर्णन २०२४ मध्ये आलं. मी ते फोटो रात्री दोनपर्यंत बघत बसलो होतो.

चपटा सुळा एका दिशेने खोल जातो पण बाजूने दाब आला तर मोडतो. वाघाचा गोल सुळा कुठल्याही बाजूचा झटका सहन करतो. धडपडणाऱ्या सांबराच्या नरड्याला वाघ मिनिटांमागून मिनिटं लटकून राहू शकतो तो या गोलाईमुळे. खंजीरवाल्यांना आधी पुढच्या पायांनी शिकार जमिनीवर दाबून धरावी लागे, त्यांच्या बाहूंची हाडंही तशीच दणकट मिळतात.

भुसावळची_दातवाली

मी दंतवैद्य आहे. माणसांचेच दात बघते, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

सर, भुसावळला येणं झालं तर दाढ घेऊन या, आमच्याकडच्या छोट्या एक्स-रेवर काढू. दातात मधोमध पोकळी असते, तिच्यात जिवंत गर असतो. वय वाढतं तसं आतल्या बाजूने डेंटीन, म्हणजे इनॅमलखालचा दाताचा थर, भरत जातं आणि पोकळी अरुंद होते. माणसात होतं तेच मांसाहारी प्राण्यात होतं. पोकळी रुंद असेल तर प्राणी तरुण होता. गेलेला प्राणी किती वर्षं जगला याचा अंदाज तुमच्या मुलांना एका फिल्मवर दिसेल.

आणखी एक. इनॅमलमध्ये तंतूंचे जुडगे एकमेकांना आडवे विणलेले असतात, टोपलीच्या विणीसारखे, त्यामुळे चीर गेली तर ती सरळ जात नाही. तिरपा उजेड टाकला की फिकट-गडद पट्टे दिसतात. माणसात ते बऱ्यापैकी सरळ जातात. हाडं फोडणाऱ्या प्राण्यांत हे पट्टे नागमोडी, पार करवतीच्या दात्यांसारखे होतात असं मी शिकताना वाचलं होतं, आणि तरसाचं उदाहरण दिलेलं मला नीट आठवतं. बघा, उपयोग झाला तर.

अनेरकाठी

पूर्णाखोरे दादा, दातवाली ताई, काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर तासभर बसलो. तो मुलगा आणि त्याचे दोन मित्र होते. खोलीत अंधार केला, एकाने मोबाईलची बॅटरी आडवी धरली, मी भिंग.

मागचा भाग तुटलेला नाही! तिथे इनॅमल आहे, चमकतं. दुसऱ्या पात्याच्या मागे एक बुटकी पायरी आहे, घराच्या ओट्यासारखी, मोजली तर जेमतेम चार मि.मी. आणि दुसऱ्या पात्याच्या मागच्या अंगाला, एका बाजूला चिकटून, तांदळाच्या कणीएवढा एक उंचवटा आहे. तो मला आधी दिसलाच नव्हता. मुलाने दाखवला. त्याचे डोळे तरुण आहेत.

एका बाजूचा पृष्ठभाग आरशासारखा घासलेला आहे. कणी आहे ती याच्या विरुद्ध बाजूला.

पट्टे दिसले ताई. पात्याच्या खालच्या अंगाला, जिथे इनॅमल झिजून पातळ झालंय तिथे. मुलं म्हणाली, गोधडीच्या टाक्यासारखे. वर-खाली, वर-खाली.

पूर्णाखोरे

सर, झालं. तरस.

सविस्तर सांगतो, म्हणजे मुलांना पायरी-पायरीने समजावता येईल. ती बुटकी पायरी म्हणजे दाढेची टाच. मार्जार कुळाने ती टाकून दिली, तरसाने थोडी राखली, कुत्र्याच्या कुळाने मोठी ठेवली. वाघ आणि बिबट्या टाचेवरच बाद झाले.

पण थांबा. २१ मि.मी. हा आकडा रानकुत्र्यालाही चालतो, मोठ्या गावठी कुत्र्यालाही चालतो. मग तरसच का? तीन गोष्टी. कुत्र्याच्या कुळात टाच दाढेचा चौथा ते तिसरा हिस्सा घेते, तुमची २१ पैकी ४, म्हणजे पाचव्या हिश्शाहून कमी. दुसरं, रानकुत्र्याची दाढ सडपातळ असते, आठ मि.मी. च्या आसपास जाडी, तुमची साडेदहा. हाडं फोडणाऱ्याला जाड दाढ लागते. तिसरं, ताईंनी सांगितलेले नागमोडी पट्टे. आणि ती तांदळाची कणी आपल्या पट्टेरी तरसाला असते, आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाला सहसा नसते, शिवाय त्याची दाढ बरीच मोठी. मी फोटोवरून बोलतोय, त्यामुळे प्रत्यक्ष कवटीशेजारी ठेवून बघायलाच हवी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तुलनेसाठी हाडा-दातांचा संग्रह आहे, तिथे दाखवा.

बाजूही सांगता येते. वरची कातरदाढ खालच्या दाढेच्या बाहेरून घासत खाली येते, म्हणून घासलेली बाजू गालाकडची. दाढेचं तोंड वर, टाच स्वतःकडे करून धरा. आरशासारखी बाजू डाव्या हाताला आली तर डावा जबडा, उजव्या हाताला आली तर उजवा. हे मुलांनाच करू द्या.

वाघ निघाला नाही म्हणून हिरमुसू नका. कुठल्याही गाळात मांसाहारी प्राणी दुर्मीळच असतो. शेकडो हरणांमागे एखादा वाघ जगतो, मग दातही त्याच प्रमाणात उरणार. लॉस एंजेलिसच्या डांबराच्या डबक्यांत मात्र उलटं झालंय : अडकलेलं जनावर खायला आलेले तेच अडकले, एकट्या स्मायलोडॉनचेच दोन हजारांहून जास्त प्राणी तिथून निघाले. आपल्या नदीच्या गाळात तसं होत नाही, तिथे गुरं आणि घोडे जास्त. तरसाचा एक दात मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

राहिला जुनेपणाचा प्रश्न. रंगावर जाऊ नका. लोह आणि मँगनीज असलेल्या मातीत पन्नास वर्षांपूर्वीचा दातही गुळाच्या रंगाचा होतो. सातपुड्यात तरस आजही आहे. वय ठरतं ते थरावरून. पिवळ्या गाळाच्या आत, चुनखडीच्या गोट्यांच्या थरात ती बसलेली होती की वरून घरंगळत आली, यावर सगळं आहे. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. खान्देशात शहामृग! ते मणी थरात मिळाले म्हणून त्यांचं वय कळलं. कुणी नुसते हातात आणून दिले असते तर ते नुसते मणी राहिले असते.

केळीबाग_रावेर

मी काल देव्हाऱ्यातला वाघदात बाहेर काढला. पन्हळी शोधल्या, नाहीत. चांदीची वाटी सोनाराकडून हलक्या हाताने काढवली. आतून पोकळ आहे, बुडापर्यंत, आणि कापलेल्या टोकाला तीन कडा दिसतात, तिकोनी. हे काय?

पूर्णाखोरे

रानडुकराचा खालचा सुळा. तो आयुष्यभर वाढत राहतो म्हणून बूड उघडं आणि पोकळ असतं. वाघाच्या सुळ्याला बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षाही लांब, भरीव होत जाणारं मूळ असतं.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. वाघ-बिबट्याचा दात किंवा नख मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पणजोबांचा असला तरी. डोलारखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांतून वाघ फिरतात, त्यांच्या जिवावर उठणारे असल्या ताइतांच्या बाजारासाठीच उठतात. रानडुकरालाही हा कायदा लागू आहे, तेव्हा तुम्हीही वन खात्याला विचारून घ्या. आणि कुणाच्या घरी खरा निघाला तर विकू नका, आधी तिथे कळवा.

केळीबाग_रावेर

दादा, मनापासून आभार. आजीला अजून सांगितलं नाही. तिच्या सात लेकरांच्या गळ्यात तो होता. आधी वन खात्यात विचारतो, ते सांगतील तसं करतो, मग आजीशी बोलतो.

सातपुड्याचा_वाटसरू

पोरीने सगळा धागा मोठ्याने वाचायला लावला. आता घरच्या मांजरीचं तोंड उघडून टाच शोधतेय. मांजर वैतागली आहे, टाच मिळाली नाही, म्हणजे दादांचं बरोबर आहे.

अनेरकाठी

रविवारी घळीत जाऊन आलो. मुलगा पुढे, आम्ही मागे. ढासळलेली कड दोन पुरुष उंच आहे. वर हाताएवढी काळी शेतमाती, तिच्याखाली पिवळा गाळ, आणि कमरेच्या उंचीवर चुनखडीच्या गोट्यांचा आडवा पट्टा, लाडू रचून ठेवावेत तसा. मुलाने दाढ मिळाली ती जागा दाखवली : पट्ट्याच्या बरोबर खाली, पण सुट्या ढिगाऱ्यात. म्हणजे वरून आली की पट्ट्यातून, हे दाढेवरून कळणार नव्हतं.

मग त्याच्या मित्राला पट्ट्यातच, दोन गोट्यांच्या मध्ये, हाडाची एक कड दिसली. बोटभर. दाढेसारखीच गुळाच्या रंगाची. हात लावू दिला नाही. पट्टी धरून फोटो काढले, वरच्या बांधापासून दोरीने खोली मोजली, शेजारच्या बाभळीला लाल फीत बांधली. शेतमालक दादांना समजावून सांगितलं, त्यांनी तिकडून जेसीबी नेणार नाही असा शब्द दिला. त्या संध्याकाळीच पुण्याला पत्र आणि फोटो पाठवले.

दाढ डावी आहे. मुलांनीच ठरवलं. ताई, पुढच्या शनिवारी एक्स-रेसाठी येतो, तिघांना घेऊन.

तरस आहे हे सांगितलं तेव्हा मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, "सर, तरस होता तर तो कुणाची हाडं फोडत होता?" मी पट्ट्यातल्या हाडाकडे बोट केलं. परत येताना त्याने कागदाची चिठ्ठी करून दाढेसोबत डबीत ठेवली. त्यावर तारीख, घळीचं नाव, खोली, आणि खाली लिहिलंय : खालची डावी दाढ, तरस (बहुतेक), थर अजून ठरायचा आहे.